फोर्टला कोट नाही, चर्चगेटला गेट नाही. मग ऑफिस सुटल्यावर लोक तिथे काय बघत फिरतात?

संध्याकाळी सहानंतर दक्षिण मुंबईतली सगळी गर्दी स्टेशनकडे धावते. कुणी चर्चगेटला, कुणी सीएसएमटीला. ठरलेली फास्ट लोकल चुकली की पुढचं सगळं गणित बिघडतं, त्यामुळे आजूबाजूला बघायला कुणालाच वेळ नसतो.

अशा वेळी पंधरा-वीस जणांचा एक घोळका बरोबर उलट्या दिशेला निघालेला दिसतो. पाठीवर ऑफिसची बॅग, गळ्यात आयकार्ड, पण माना वर. पुढे एक जण छोटा माईक लावून काहीतरी सांगतोय आणि बाकीचे एखाद्या कमानीवरचं कोरीवकाम शोधतायत. पर्यटक वाटतात, पण त्यातले बरेच जण याच भागात रोज कामाला येणारे असतात.

याला म्हणतात हेरिटेज वॉक. आणि आता तो फक्त रविवार सकाळपुरता राहिलेला नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, काम संपल्यावर, दीड-दोन तास शहर पायी बघायचं आणि मग घरची लोकल पकडायची, हा प्रकार मुंबईत चांगला रुळलाय.

पण रोज ज्या रस्त्यावरून जातो तोच रस्ता पैसे देऊन पुन्हा बघायचा, हे नेमकं कशासाठी?

आधी समजून घेऊ, हा वॉक असतो कसा?

साधारण दोन ते तीन किलोमीटरचं अंतर, दीड ते दोन तासांचा वेळ आणि वीस-पंचवीसच्या आत माणसं. माणसं त्याहून वाढली की मागच्याला ऐकू येत नाही आणि फूटपाथही अडतो. सांगणारे कधी वास्तुरचनाकार असतात, कधी इतिहासाचे अभ्यासक, तर कधी त्याच गल्लीत वाढलेला माणूस. 'बॉम्बे हेरिटेज वॉक्स' हा उपक्रम दोन महिला वास्तुरचनाकारांनी १९९९ मध्ये सुरू केला. त्यानंतर 'खाकी टूर्स'सारख्या अनेक मंडळींनी वेगवेगळ्या भागांतले वॉक सुरू केले.

बाहेरच्या देशांतही हे चालतं. शहरं आणि वस्त्यांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स २००६ मध्ये वारल्या. त्यांच्या आठवणीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये २००७ मध्ये 'जेन्स वॉक' सुरू झाला. त्याचा नियम साधा. पैसे घ्यायचे नाहीत, आणि वस्ती दाखवायची ती तिथल्याच नागरिकांनी.

संध्याकाळच्या वॉकचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. ऊन उतरलेलं असतं, दगडी इमारतींवर दिवे लागतात आणि सुट्टी काढावी लागत नाही. पण ग्रंथालयं, कोर्ट, कार्यालयं तोवर बंद झालेली असतात, त्यामुळे बहुतेक गोष्टी बाहेरूनच बघाव्या लागतात. शिवाय डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात वॉक सुरू होईपर्यंत अंधार पडलेला असतो.

आता बघू, या दोन तासांत काय हाती लागतं.

चर्चगेटचं गेट गेलं कुठे?

चर्चगेट स्टेशनात रोज लाखो लोक उतरतात. पण तिथे गेट नाही आणि समोर चर्चही दिसत नाही. मग नाव कशावरून पडलं?

त्यासाठी तीनशे वर्षं मागे जायला लागतं. आज ज्याला आपण फोर्ट म्हणतो, त्या भागाभोवती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तटबंदी बांधली. मराठी माणसं त्याला सरळ 'कोट' म्हणायची. या कोटाला तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. आतमध्ये १७१८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालेलं सेंट थॉमस चर्च होतं. त्या चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणून तो चर्च गेट.

हा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जवळपास होता. म्हणजे स्टेशनपासून चांगला दहा मिनिटं चालत.

खरी गंमत पुढे आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात ही तटबंदी पाडली गेली. शहर वाढलं होतं, भिंतीच्या आत माणसं मावत नव्हती आणि भिंतीनं अडवावा असा शत्रूही उरला नव्हता. चर्चगेट स्टेशन सुरू झालं १८७० मध्ये. थोडक्यात, स्टेशन आलं तोवर गेट पाडून झालं होतं. जे अस्तित्वातच नव्हतं त्याचं नाव स्टेशनला मिळालं आणि दीडशे वर्षं टिकलं.

या तटबंदीचा मराठ्यांशीही थेट संबंध आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि मुंबईच्या इंग्रजांना घाम फुटला. पुढचा नंबर आपला, या भीतीनं त्यांनी कोटाभोवती खंदक खणायला घेतला. त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. आज त्या खंदकाचा मागमूस दिसत नाही. तटबंदीचा एक छोटा तुकडा मात्र सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ अजून उभा आहे. त्याच्या बाजूनं रोज शेकडो माणसं जातात.

इतकी मोठी मैदानं रिकामी कशी राहिली?

मुंबईत जागेची किंमत सगळ्यांना माहिती आहे. तरीही आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं एका ओळीत मोकळी दिसतात. ही कुणी खेळायला म्हणून सोडलेली नव्हती.

कोटाच्या तोफांना समोरचा शत्रू स्पष्ट दिसावा, मध्ये घरं-झाडं येऊ नयेत, म्हणून भिंतीबाहेरचा पट्टा मोकळा ठेवला होता. त्याला एस्प्लनेड म्हणायचे. भिंत गेली, तोफा गेल्या, पण पट्ट्याचे तुकडे उरले. आज तिथे क्रिकेटचे डाव रंगतात.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की दोन वेगळे काळ समोरासमोर दिसतात. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. टोकदार कमानी, दगडी नक्षी, एकोणिसाव्या शतकातली व्हिक्टोरियन गॉथिक शैली. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गुळगुळीत, गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. म्हणजे एकीकडे राज्यकर्त्यांची सरकारी मुंबई, तर दुसरीकडे फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या सुखवस्तू मुंबईकरांची.

लढाई अमेरिकेत, पैसा मुंबईत

राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. उंची सुमारे ८५ मीटर. आराखडा केला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं, जो भारतात कधी आलाच नाही. पैसे दिले प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं आणि नाव दिलं स्वतःच्या आईचं.

पण एवढा पैसा आला कुठून? उत्तर आहे कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतला गेला आणि शेअर्सचा जुगार सुरू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि कालचे लखपती रस्त्यावर आले. खुद्द प्रेमचंद रायचंदही त्या तडाख्यात सापडले.

तिथून पुढे हॉर्निमन सर्कलला गेलं की हीच गोष्ट जमिनीवर दिसते. आज जिथे गोल बाग आहे तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. याच परिसरात झाडाखाली उभे राहून दलाल शेअर्सचे सौदे करायचे. त्याच दलालांनी १८७५ मध्ये संघटना बांधली आणि तिचं पुढे झालं बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज. मोबाइलवर शेअर घेणाऱ्या कित्येकांना हे झाड माहितीच नसतं.

सर्कलला नाव मिळालं ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं. हे इंग्रज गृहस्थ इंग्रज सरकारविरुद्ध लिहायचे, म्हणून १९१९ मध्ये सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं.

हुतात्मा चौकात वॉक का थांबतो?

फ्लोरा फाउंटन हे १८६४ मधलं देखणं कारंजं. फोटो सगळे त्याचाच काढतात. पण त्याच्या बाजूला हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, तिकडे पाहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चा निघाला होता. याच परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ जणांचा जीव गेला. या लढ्यात एकूण शंभरहून अधिक माणसं हुतात्मा झाली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं आणि मग या चौकाचं नावच हुतात्मा चौक झालं.

शे-दीडशे पावलांत एक रोमन देवी, एक पाडलेला दरवाजा आणि एक रक्तरंजित आंदोलन. तीन वेगवेगळ्या शतकांच्या खुणा एका सिग्नलच्या अंतरावर. गाडीत बसून गेलं तर यातलं काहीही कळत नाही.

सांगितलेलं सगळं खरं असतं का?

नाही. आणि हे माहिती असलेलं बरं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट जमशेटजी टाटांची. वॉटसन्स हॉटेलनं त्यांना भारतीय म्हणून आत घेतलं नाही आणि त्या अपमानातून त्यांनी १९०३ मध्ये ताज उभं केलं. ऐकायला जबरदस्त वाटते, पण या प्रसंगाला ठोस पुरावा नाही, असं अनेक इतिहासकार सांगतात. ताज चुकून उलटं बांधलं गेलं, ही तशीच दुसरी दंतकथा.

राजाबाई टॉवरचंही तसंच. प्रेमचंद रायचंद यांच्या आईंना दिसत नव्हतं, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायला हवं म्हणून घड्याळाचे टोल त्यांच्या उपयोगी पडायचे, असं सांगतात. आईचं नाव टॉवरला दिलं ही नोंद आहे. बाकीची सांगोवांगी.

चांगला वॉक करणारा माणूस अशी गोष्ट सांगतो, पण 'असं सांगतात' हे शब्द वगळत नाही. तुम्हीही बिनधास्त विचारा, 'हे कुठे लिहिलंय?' खरा अभ्यासक या प्रश्नावर चिडत नाही.

ही झाली साहेबांची मुंबई. कामगारांची कुठंय?

फोर्टमधल्या इमारतींवर वर्षं कोरलेली आहेत, नावं आहेत, पुतळे आहेत. पण ज्यांच्या घामावर हे शहर उभं राहिलं त्यांची मुंबई लालबाग, परळ, वरळी, भायखळा या पट्ट्यात होती. गिरणगावात. तिथला वॉक फोर्टपेक्षा अवघड असतो, कारण दाखवायची गोष्ट अनेकदा तिथे नसतेच.

सांगणारा एखाद्या मॉलसमोर थांबतो आणि चिमणी दाखवतो. लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये जुन्या फिनिक्स मिलची चिमणी अजून आहे. खाली ब्रँडेड दुकानं आणि वर चिमणी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामगार देशोधडीला लागले आणि मागे उरली जमीन.

या जमिनीचं काय करायचं यासाठी १९९१ मध्ये नियम झाला. विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जागा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, असं ठरलं. साहजिकच शहराच्या वाट्याला फारच कमी आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये न्यायालयानं हा बदल कायम ठेवला.

हे सगळं कागदावर वाचताना कंटाळा येतो. पण एका बाजूला काचेचा टॉवर आणि दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ, अशा रस्त्यावर उभं राहून ऐकलं की एका नियमातल्या एका वाक्यानं काय होतं ते कळतं.

या गल्ल्यांमध्ये खानावळी होत्या. कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेल्या कामगारांना बायका जेवण करून घालायच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांची शाहिरी याच कामगारांमध्ये घुमली. नारायण सुर्वे याच वस्तीत घडले. यातल्या बहुतेक जागांवर पाटी नाही. सांगणारा माणूस हीच पाटी.

अर्थात, इथे एक पथ्य पाळायला हवं. चाळ हे संग्रहालय नाही, तिथे माणसं राहतात. विचारल्याशिवाय दारात डोकावायचं नाही, वाळत घातलेल्या कपड्यांचे 'व्हिंटेज' फोटो काढायचे नाहीत, आणि रात्री साडेआठला गॅलरीखाली उभं राहून माईकवर भाषण तर मुळीच करायचं नाही.

पण फिरून नक्की बदलतं काय?

मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ मध्ये नियमावली आली. भारतातल्या शहरांमध्ये ही पहिली मानली जाते. इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी मिळाल्या. श्रेणी जितकी वरची तितकी तोडफोडीला मनाई जास्त. या यादीत भर घालायची किंवा एखादं नाव काढायचं तर लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात.

आता प्रश्न असा, की जी इमारत कुणी धड बघितलेलीच नाही, तिच्यासाठी हरकत कोण नोंदवणार?

ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या बाबतीत ती माणसं होती. तिथल्या रहिवासी संघटना, वास्तुरचनाकार आणि नागरिक गट वर्षानुवर्षं मागे लागले. २०१८ मध्ये युनेस्कोनं व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या या समूहाला जागतिक वारसा यादीत घेतलं. एकूण ९४ इमारती. त्यातल्या अनेकांमध्ये आजही माणसं राहतात.

याच्या उलट उदाहरण तिथून चालत काही मिनिटांवर, काळा घोड्याला आहे. वर ज्या वॉटसन्स हॉटेलची गोष्ट आली, त्याच इमारतीला आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये बनवून बोटीनं इथे आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. पुढे इमारतीत भाडेकरू आले, देखभाल सुटली, २००५ मध्ये एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करावी लागली. इतिहास मोठा असला म्हणून इमारत आपोआप टिकत नाही.

वॉक केल्यानं इमारत वाचते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा, भाडेकरूंचे हक्क, मालकी, डागडुजी, असे अनेक गुंते असतात. पण या गुंत्यात बोलायला माणूस लागतो, आणि बोलायचं तर आधी माहिती लागते. वॉकचं काम तेवढंच आहे आणि ते कमी नाही.

जायचं असेल तर एवढं बघा

- वॉक मराठीत आहे की इंग्रजीत, हे आधी विचारा. बरेचसे इंग्रजीत असतात, पण मराठी वॉकही होतात आणि मागणी वाढली तर आणखी होतील.
- किती माणसं घेणार, किती चालायचं, पायऱ्या आहेत का, मध्ये स्वच्छतागृह आहे का, हे विचारून घ्या. घरच्या ज्येष्ठांना नेणार असाल तर नक्कीच.
- वॉक कुठे संपतो ते बघा. स्टेशनजवळ संपणारा वॉक परतीच्या दृष्टीनं सोयीचा.
- आतून बघायचं असेल तर शनिवार-रविवार पकडा. महापालिकेच्या मुख्यालयातही २०२१ पासून शनिवार-रविवारचे वॉक सुरू झाले.
- पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा. वीस छत्र्या उघडल्या की समोरचं काही दिसत नाही.

आणि यासाठी मुंबईतच असायला हवं असंही नाही. पुण्याच्या पेठा, नाशिकचं पंचवटी, कोल्हापूरच्या तालमी, कुठलंही जुनं गाव चालेल. एक किलोमीटरचा रस्ता निवडा. दुकानांच्या पाट्या सोडून त्यांच्या वरचा मजला बघा. इमारतीवर कोरलेलं वर्ष, बंद पडलेली पाणपोई, वेशीचं नाव उरलेला चौक, ज्या झाडावरून बस स्टॉपचं नाव पडलं पण जे झाड आता नाही, असं काही ना काही सापडतंच. मग तिथल्या सगळ्यात जुन्या दुकानदाराला किंवा आजींना त्याबद्दल विचारा.

गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. तेव्हा कोटाच्या भिंती पाडल्या जाण्याचाच काळ होता. जुनी मुंबई डोळ्यांसमोर बदलत असताना एका मराठी माणसानं ती लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला कळते. आत्ता तुमच्या गल्लीत जे पाडलं जातंय, ते आधी कसं होतं हे सांगणारं कुणी आहे का, हा प्रश्न मात्र तुमच्या-आमच्यासाठी आहे.